बारा अंशांवरचा फ्रिज

२ एप्रिल

चार अंश! हात आपोआप चारवरच गेला. चौतीस वर्षं फ्रिज दुरुस्त केले, दुसरा आकडा हाताला माहीतच नाही. चीजचं चाक आत ठेवलं, दार लावलं, चहा घेतला, आणि मग डोक्यात आलं — चार अंशांवर चीज पिकत नाही, नुसतं पडून राहतं. पिकायला बारा लागतात. बायकोच्या वहीत बाराच्या आकड्याखाली दोन रेघा मारल्यात.

बारा अंश म्हणजे माझ्या भाषेत बिघडलेला फ्रिज. गिऱ्हाईक म्हणालं "आत बारा दाखवतंय हो," की मी पेटी उचलून निघायचो. आता तोच बिघाड मुद्दाम करायचा आणि तीन महिने सांभाळायचा.

लिहायला जुनी तक्रारवही घेतली. कोऱ्या तीन उरल्यात. पानावर रकाने छापलेले आहेत — तक्रार, निदान, उपाय. मी आडवंच लिहितोय.

३ एप्रिल

काय चाललंय ते एकदा लिहून ठेवतो, नाहीतर आठवड्याने मलाच कळायचं नाही.

अकरा जानेवारीला बायकोने चीजचं एक चाक लावलं. चाक हा हिचाच शब्द — ताटलीएवढा गोल ठोकळा, दोन किलोचा. वहीत लिहिलं, "११ जाने. सहा महिने." एकोणीस जानेवारीला सकाळी भांडी विसळताना ही खाली बसली ती उठलीच नाही. मेंदूत गुठळी. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सहा आठवडे दवाखाना. मार्चच्या सुरुवातीला घरी आणलं. बाहेरच्या खोलीत खाट टाकलीय, तिथून स्वयंपाकघर समोर दिसतं.

चाक इतके दिवस जिन्याखालच्या कपाटात होतं. मला त्याची आठवणही नव्हती. परवा झाडू काढायला गेलो तर वास आला — चांगला वास, ओल्या लाकडाचा असतो तसा. तिथेच कपाटापुढे बसकण मारली आणि रडलो. दोन महिने कोणी उलटलं नव्हतं त्याला. खालून ओलसर, वरून कोरडं, पण शाबूत! उन्हं तापायला लागलीत. कपाटात आता टिकायचं नाही.

बारा वर्षं मागे लागली होती माझ्या. "अहो, एक फ्रिज मला चीजसाठी करून द्या ना. तुमच्या तर हातचा मळ आहे." मी म्हणायचो, येत्या रविवारी. किती रविवार गेले! लोकांच्या घरचे हजार फ्रिज नीट केले आणि स्वतःच्या घरातला एक बिघडवायला मला वेळ झाला नाही.

आता करतोय. अकरा जुलैला सहा महिने पुरे होतात. त्या दिवशी एक तुकडा हिच्या जिभेवर ठेवायचा. त्यापुढचं काही ठरवलेलं नाही. त्यापुढे ठरवण्यासारखं काही दिसतही नाही.

४ एप्रिल

आमचाच फ्रिज घेतला. दोन माणसांचं असतं काय त्यात? हिचं सूप आणि माझं दूध. ती भांडी शेजारणीच्या फ्रिजात गेली. फळ्या काढल्या, सगळं सोड्याने धुतलं, खालच्या जाळीवर लाकडाची फळी रंधा मारून बसवली. भिंतीतल्या प्लगच्या आणि फ्रिजच्या मध्ये कंट्रोलर लावला. त्याची तार आत सोडली. आत बारा झालं की हा वीज तोडतो, तेरा झालं की जोडतो. फ्रिजला कळतही नाही आपल्याला कोणीतरी नाचवतंय. साधं काम. अडीच तास लागले. अडीच तासांचं काम आणि बारा वर्षं!

गास्केटही बदललं. दाराभोवतीचं ते रबर जुनं होऊन कडक झालं होतं, खालच्या कोपऱ्यात सुटलं होतं. नवीन बसवून कागदाची परीक्षा घेतली — दारात कागदाची पट्टी धरायची, दार लावायचं आणि ओढायची. सुटली तर काम कच्चं. माझी पट्टी फाटली, सुटली नाही. असं दार या घराला आधी कधी नव्हतं.

उन्हाळ्यात ही याच फ्रिजात खालच्या कप्प्यात चीज ठेवायची. दारात काहीबाही अडकवून ठेवायची, म्हणजे पुरतं लागू नये. मी येता-जाता खांद्याने ढकलून बंद करायचो. किती भांडलो त्यावरून! "दार उघडं टाकून फ्रिज वापरतं का कोणी?" — "अहो, चीज आहे ते, मुडदा नाही." आत कमी गार व्हावं म्हणून करत असणार. आता कंट्रोलर आहे, तो प्रश्नच मिटला.

५ एप्रिल

१२.३.

६ एप्रिल

१२.१. चाक उलटलं, मिठाच्या पाण्याने पुसलं. अर्ध्या मिनिटाच्या आत दार बंद.

हिलाही दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. सकाळी दोन तास मावशी येते — हिचं अंग पुसणं, कपडे बदलणं तिच्याकडे. मग दिवसभर मी. आधी बायको वळवायची, मग चीज. हिला चाक नेऊन दाखवलं. नाकाजवळ धरलं. बघितलं. काहीतरी वाटलं असेल का? चेहऱ्याच्या डाव्या बाजूला काही नाही, उजवी तर गेलीच आहे.

९ एप्रिल

हिच्या छातीवर सूप सांडू नये म्हणून रुमाल टाकतो. आज सूप झाल्यावर डाव्या हाताने त्याची घडी केली! एक घडी, दुसरी, तिसरी — काडेपेटीएवढा चौकोन करून माझ्या हातावर ठेवला. मी इतका खूश झालो की मुलीला लगेच फोन लावला. "बाबा, हे चांगलं लक्षण आहे ना?" म्हणाली. म्हटलं, असणारच. रुमाल धुवायला टाकला.

११ एप्रिल

डॉक्टर येऊन गेले. हिला म्हणाले, डोळे मिटा. मिटले नाहीत. पेन कुठे आहे, दाखवा. हिने स्वयंपाकघराकडे बघितलं. डॉक्टरांनी वहीत काहीतरी टिपलं.

दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा विचारलं, हिला समजतं किती? म्हणाले, "सांगता येत नाही. फार धरून चालू नका." मी रुमालाचं सांगितलं. "हाताची सवय असते ती. अर्थ लावत बसू नका, त्रास तुम्हालाच होईल."

निदान हा रकाना त्यांच्यासाठी मोकळा ठेवायला हवा होता. एका ओळीत भरला असता त्यांनी.

१२ एप्रिल

रुमालाची घडी. परत माझ्या हातावर.

१३ एप्रिल

घडी.

१५ एप्रिल

चाकावर पांढरी लव आली. वहीत हिने लिहिलंय, पांढरी चालते, राखाडी चालते, काळी आणि गुलाबी नको. बाकी सगळी वही अशीच — अर्धी वाक्यं. "हाताला लागतं तसं." "नेहमीसारखं." स्वतःसाठी लिहिलेलं, दुसऱ्याला कळावं म्हणून नाही. नेहमीसारखं म्हणजे कसं गं? बारा वर्षं घरात होतं आणि मी एकदाही नीट बघितलं नाही. पानात पडलं की खायचो आणि "खारट झालंय" म्हणायचो.

१९ एप्रिल

लांबच्या शहरातल्या चीजवाल्याला फोन केला. म्हातारा माणूस. हिने त्याच्याकडूनच शिकलेलं. हिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "हवा खेळती ठेवा. कोंडलं की गेलं." मी म्हटलं, अजून काही? "बघितल्याशिवाय काय सांगू? घेऊन या." आता हिला सोडून मी दिवसभराचा प्रवास करणार! म्हटलं बरं आणि ठेवला.

हवा खेळती. ते तर माझंच खातं! कॉम्प्युटरमधला छोटा पंखा पेटीत पडून होता, तो आत बसवला. तार गास्केटखालून न नेता मागे भोक पाडून नेली आणि भोक सीलंटने बंद केलं. दाराची पट्टी पुन्हा फाटली, सुटली नाही. इतकं नीटनेटकं काम मी पैसे घेऊनही कधी केलं नसेल. हिला सांगितलं, "बघ, पंखा लावला तुझ्या चीजला." हिने रुमालाची घडी केली आणि माझ्या तळव्यात दाबली. जोरात दाबली. बोटं धरून ठेवली माझी.

मी तिचा हात हातात घेऊन बसलो. हेच हवं असेल तिला.

२० एप्रिल

मावशी म्हणते, "या दिवसभर त्या फ्रिजकडेच बघत असतात हो." मोटर चालू-बंद होते, त्या आवाजाकडे लक्ष जात असेल.

२४ एप्रिल

आतल्या भिंतींना पाण्याचे थेंब. फडक्याने पुसले. संध्याकाळी परत तेवढेच. ओलावा ८५ टक्के हवा, आतला ओलावा मोजायचा काटा ९६ वर. मिठाची वाटी ठेवली आत. उपयोग शून्य.

२७ एप्रिल

पाठ धरली. हिला कुशीवर घेताना कट्‌कन आवाज आला, आणि मी खाटेला धरून तसाच उभा, ना खाली ना वर. हिने माझ्याकडे बघितलं. दोघांपैकी कोणाला कोणी वळवायचं आता? हसू आलं मला. मग तेही पाठीत दुखलं.

२८ एप्रिल

चाक उलटलं नाही. हिला मावशीने वळवलं. मी जमिनीवर पडून.

१ मे

वास! दार उघडलं आणि डोळ्यांत पाणी आलं. ओळखीचा वास. तरुणपणी बर्फाच्या कारखान्यात कामाला होतो, तिथल्या अमोनियाचा. म्हटलं, गॅस गळतोय! पाठीचं दुखणं विसरून फ्रिज पुढे ओढला, साबणाचा फेस करून नळीचा एकेक जोड तपासला. एकही बुडबुडा नाही. तासाभराने आठवलं की घरगुती फ्रिजमध्ये अमोनिया नसतोच. चौतीस वर्षांचा कारागीर, आणि फेस घेऊन बसला होता!

वास चाकाला येतोय.

२ मे

लव गेली. जागोजागी तपकिरी, चिकट. बोट लावलं की बोटाला येतं. मिठाच्या पाण्याने दोनदा पुसलं. गार करून बघू म्हणून दहावर आणलं.

हिने घडी केली. मी आज लक्षच दिलं नाही. तिने हातात दिला तेव्हा मी रुमाल खाली टाकला. मग उचलला.

५ मे

आठवर आणलं. वास तसाच. तपकिरी डाग वाढले. दार उघडण्याचा वेळ आणखी कमी केला, वीस सेकंद. पंखा वाढवला. जे जे मला येतं ते सगळं केलं. गार करणं, बंद करणं, फिरवणं. याहून वेगळं काही मला कधी आलंच नाही.

चीजवाल्याला फोन लावला. तीनदा. उचलत नाही.

८ मे

मुलगी आली. दोन दिवसांची रजा काढून. दारातून आत आली तशी आधी आईकडे न जाता माझ्याकडेच बघत राहिली. "बाबा, तुम्ही आरशात बघता का कधी?"

९ मे

पुढे लिहायचं जिवावर आलंय, पण लिहितो.

मुलीने दुपारी विषय काढला. तिच्या गावाजवळ एक शुश्रूषागृह आहे. स्वच्छ आहे, माणसं चांगली आहेत, ती जाऊन बघून आलीय. "तुमची पाठ अशी. उद्या तुम्हीही पडलात तर मी कोणाकोणाकडे धावू?" बोलताना रडत होती. खोटं काहीच बोलत नव्हती.

मी म्हटलं, आईला इथून हलवायचं म्हणजे तिला काय वाटेल? मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच सांगा. तुम्हाला वाटतं का आईला काही कळतं?"

आम्ही खाटेच्या दोन बाजूंना बसलो होतो. ही मधे. डोळे उघडे.

मी म्हणालो, "नाही गं. ती आता नाहीये इथे. नुसतं अंग राहिलंय. मी रोज अंगच उलटंपालटं करतो, तिकडे ते चाक आणि इकडे हे." असंच म्हणालो. शब्दन्‌शब्द. आणि म्हटल्यावर हलकं वाटलं. तीन महिने गळ्याशी अडकलेलं बोलून टाकलं म्हणून असेल.

१० मे

मुलगी गेली. जाताना आईच्या कपाळावर ओठ टेकले. हिने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. माझ्या बाजूची कूस होती, तरी मान पलीकडे.

आज घडी नाही. रुमाल तसाच पडून.

११ मे

घडी नाही. सूपही अर्ध्यावर सोडलं. थकली असेल. घरात दोन दिवस माणूस होतं, बडबड होती.

१२ मे

घडी नाही. डॉक्टर म्हणाले तेच खरं. सवय होती, सुटली. मी उगाच महिनाभर त्या रुमालाला धरून बसलो होतो.

१४ मे

चाकाचा एक कोपरा खचलाय. दाबला की दबतो. आता नुसतं उलटायचं म्हणून उलटतो. का, ते विचारू नये.

मोटर बंद पडते तेव्हा घर इतकं शांत होतं की मला माझ्या नाकाचा आवाज ऐकू येतो. हिच्याही.

१७ मे

शुश्रूषागृहाचे कागद टपालाने आले. सहा पानं. टेबलावर हत्यारं पडली होती, म्हणून हिच्या खाटेवरचा जेवणाचा पाट ओढला आणि त्यावरच भरत बसलो. हिला उशीला टेकवून बसवलं होतं. वय, वजन, औषधं, दात स्वतःचे की बसवलेले. चौथ्या पानावर — "रुग्णास बोललेले समजते का? हो / नाही." पेन बराच वेळ धरून बसलो. मग "नाही"वर खूण केली.

खाली आणखी एक ओळ होती : "रुग्णाच्या आवडीनिवडी." तिथे लिहिलं, चीज. मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

१८ मे

पाकीट टपालात टाकून आलो. परत येऊन चाकाला पुसलं. हिला चाक दाखवणं मी आठवड्यापासून सोडून दिलंय. त्या वासाने मलाच कसंतरी होतं. हिच्या नाकाशी कसं धरू?

२० मे

आज हिने पुन्हा रुमालाची घडी केली!

मी फ्रिजचं दार उघडून नाक धरून उभा होतो. वळून बघितलं तर ही खाटेवरून माझ्याकडे बघतेय, आणि हातात ती घडी, वर धरलेली. जवळ गेलो. हातावर ठेवली. माझं मनगट धरून हात पुढे ढकलला — जा, जा, असा. मी म्हटलं, जातो गं, थोडा बसतो आणि जातो. तिने डोळे मिटले. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. डॉक्टर म्हणतात तेही आपोआप येतं.

२३ मे

तारीख कळली. तीस मेला सकाळी दहाला गाडी येईल. मुलगी तिकडेच भेटेल. माझ्यासाठी आठवड्यातून दोनदा भेटीची वेळ आहे, बसने तीन तास. मावशीला सांगितलं. ती हिचे केस विंचरत राहिली, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

२५ मे

हिची बॅग भरली. गाऊन सहा, मोजे, चष्मा. चष्मा कशाला? तरी घातला. चीजची वहीही घातली आणि मग काढून घेतली. ती मला राहू दे.

२६ मे

मला खरं काय वाटतं ते लिहितो, इथे कोण वाचणार आहे. मला भीती वाटते. हिच्या जाण्याची नाही. ही गेली की मी फ्रिज परत चारवर आणीन, दूध ठेवीन आत, आणि चार दिवसांनी मला बरं वाटायला लागेल. त्याची भीती वाटते.

आणि लाज वाटते. अडीच तासांचं काम होतं. ही धडधाकट असताना करून दिलं असतं तर रोज माझ्या डोक्यावर उभी राहून सांगितलं असतं, असं नाही हो, तसं. मी चिडलो असतो. चीज झालं असतं.

२८ मे

चाक टाकायचं ठरवलं. कागदात गुंडाळलं. मग कागद सोडला आणि परत फळीवर ठेवलं. जायच्या दिवशीच टाकू, दोन्ही एकदमच होऊ दे. लिहिताना कसलं भयंकर वाटतंय हे. पण मनात आलं ते आलं.

२९ मे

१२.२. पुन्हा बारावर आणून ठेवलाय. शेवटचा दिवस तरी हिच्या आकड्यावर असू दे.

उद्या सकाळी गाडीच्या आधी हिला चाकांच्या खुर्चीवर बसवून फ्रिजपाशी नेणार आहे. घरी आणल्यापासून ही स्वयंपाकघरात गेलेलीच नाही. काही कळणार नाही हे मलाही माहीत आहे. निरोप म्हणून.

३० मे

गाडी परत पाठवली.

सूप झाल्यावर हिला फ्रिजसमोर नेलं, दार उघडलं, म्हटलं, बघ, हे असं झालंय, माफ कर मला. आणि दार लावायला गेलो तर लागेना. खांद्याने ढकललं. लागेना. खाली बघितलं. रुमालाची काडेपेटीएवढी घडी गास्केटवर, आणि ती जागेवर दाबून धरलेलं हिचं बोट.

बोट काढलं तिने. घडी राहिली. फट राहिली. बाहेरची हवा आत जायला लागली.

उन्हाळ्यात दारात काहीबाही अडकवायची ते गार कमी व्हावं म्हणून नव्हतंच, कधीच नव्हतं. मी आतली कोंडलेली हवा आतल्या आत फिरवत बसलो, आणि ही नऊ एप्रिलपासून मला रोज सांगत होती.

म्हणजे ९ मेला मी खाटेपाशी बसून जे बोललो ते हिने ऐकलं. कागदावर "नाही"वर खूण केली ती हिच्या पाटावर, हिच्या डोळ्यांसमोर केली.

ही खुर्चीत बसलीय. फ्रिजकडे नाही, माझ्याकडे बघतेय. मला वही मिटून हिच्यासमोर जाऊन बसायचंय.